फाटक होतं तसं

ग्लेनिस ट्रँटरला माणसं आवडत नव्हती असं नाही. एकेकटी माणसं तिला चालायची. तीच माणसं स्वस्तातलं तिकीट काढून घोळक्यानं तिच्या बसमध्ये चढली, की मात्र गाव मागे पडायच्या आत तिच्या कपाळावरची शीर तटतटायला लागायची.

ॲलिस स्प्रिंग्जहून निघायचं, लाल मातीतून उलुरूच्या खडकापर्यंत जायचं, कोरड्या नदीच्या वाळूत चूल मांडायची, उघड्यावर वळकट्या पसरून झोपायचं आणि परत यायचं. ड्रायव्हर ग्लेनिस, स्वयंपाकीण ग्लेनिस, पंक्चर काढणारी ग्लेनिस, आणि "रेंज कधी येईल?" याला उत्तर देणारीही ग्लेनिसच. उत्तर ठरलेलं होतं. "परवा."

"आणि माश्या कधी जातील?"

"तुम्ही गेलात की."

ती जन्मली जुन्या रेल्वेमार्गावरच्या एका थांब्यावर. बाप रूळ दुरुस्त करायचा आणि आई आठवड्याच्या गाडीची वाट बघायची. ग्लेनिस शाळा सोडून गुरं हाकणाऱ्यांच्या तळावर स्वयंपाकाला लागली. तिच्या हातच्या मांसाला कधी कोणी नावं ठेवली नाहीत, कारण नावं ठेवणाऱ्याच्या ताटात दुसऱ्या दिवशी करपलेलं पडायचं. मग एका ट्रकवाल्याशी लग्न झालं. तो एकदा माल घेऊन डार्विनला निघाला. "अजून वाटेतच असेल," एवढंच ती त्याच्याबद्दल सांगायची. मुलगी ॲडलेडला असते. दर रविवारी तिचा फोन.

"आई, पुरे आता. गुडघ्यांचं ऑपरेशन करून घे आणि इथे ये राहायला."

"आणि करू काय? तुझ्या गॅलरीत बसून लोकांच्या गाड्या बघू?"

"आराम कर!"

"आराम मला करता येत नाही. कोणी शिकवलाच नाही."

गुडघे मात्र खरंच गेले होते. बसच्या उंच पायरीवरून उतरायचं म्हणजे आधी एक पाय, मग शिवी, मग दुसरा पाय. तरी तिचं निभत होतं, कारण त्या मुलखात एक रीत आहे. ड्रायव्हरशेजारी बसेल त्यानं उतरून फाटक उघडायचं, गाडी पुढे गेली की फाटकाचं काम पुरं करून पुन्हा चढायचं. ड्रायव्हर जागचा हलत नाही. ग्लेनिसच्या आयुष्यात तेवढंच एक सुख उरलं होतं.

या खेपेला शेजारी बसली होती मरैके. हॉलंडची शाळामास्तरीण, चाळिशीची, उंच, नीटनेटकी. कचऱ्याच्या पिशव्यासुद्धा घडी घालून ठेवणारी. बाकीची पोरं डब्यातल्या बीटवरून आणि कोण शाकाहारी यावरून वाद घालत होती. मरैके मात्र सांगण्याआधीच उठायची. अशा माणसांचं ग्लेनिसला जास्त भय वाटायचं.

मर्व्ह हॅलोरन या गुरंवाल्याच्या जमिनीवर शिरताना ग्लेनिसनं बस थांबवली आणि मागे वळून सगळ्यांना दरडावलं, "नीट ऐका. इथून पुढे एकच नियम. फाटक होतं तसं. उघडं असेल तर उघडं, लावलेलं असेल तर लावलेलं. आपली अक्कल चालवायची नाही. समजलं?"

सगळ्यांनी माना हलवल्या. माना हलवण्याचे पैसे पडत नव्हते.

नियमाला कारणही तसंच होतं. नदीकाठची ती मुक्कामाची जागा मर्व्ह फुकट देत असे, तीही ग्लेनिसनं कधीकाळी त्याच्या तळावर रांधलं होतं म्हणून. मागच्या महिन्यात दुसऱ्या एका बसच्या लोकांनी झाडाखाली धगधगते निखारे तसेच टाकून दिले, तेव्हा तो म्हणाला होता, "ग्लेन, आता कोणाच्याही बसनं एक जरी चूक केली ना, नदीला कुलूप लावीन." आणि ॲलिसमधला बसचा मालक डॅरिल म्हणाला होता, "ती जागा गेली तर पैसे भरून तळ घ्यावा लागेल. या भाड्यात ते परवडत नाही. सहल बंद, ग्लेनिस." सहल बंद म्हणजे ॲडलेडची गॅलरी. डॅरिलनं ते म्हटलं नाही, पण तिला ऐकू आलं.

पहिलं फाटक लावलेलं होतं. मरैकेनं उघडलं, बस गेल्यावर लावलं. दुसरं सताड उघडं, तारेनं खांबाला मागे बांधलेलं. बस तशीच आत गेली. ऑक्टोबरचं ऊन कलताना सगळे नदीच्या वाळूत उतरले. ग्लेनिसनं बिडाच्या भांड्यात मटण चढवलं, बीटवाल्यांना वेगळी कढई दिली आणि निखाऱ्यात पाव पुरला. मरैके फावडं घेऊन झाडीत गेली, बऱ्याच वेळानं परत आली, आणि आल्याबरोबर न सांगता भांडी घासायला बसली. ग्लेनिसच्या मनात पाल चुकचुकली, पण घासलेल्या भांड्यांना ती काय बोलणार?

सकाळी किटलीला उकळी येत होती आणि गुरांचं हंबरणं ऐकू आलं. एखाददुसऱ्या गाईचं ते नव्हतं. सगळा कळप एका सुरात हंबरत होता. ग्लेनिसनं हातातला कप तिथेच ठेवला. लंगडत लंगडत ती चढावर आली.

दुसरं फाटक लागलेलं होतं. तारेला छान पीळ दिलेला, टोकं आत वळवलेली, कोणाला लागू नयेत म्हणून. पलीकडे गुरं कुंपणाला छाती लावून उभी. अलीकडे पवनचक्की, टाकी आणि पाण्याचा हौद. त्या अख्ख्या रानात पाणी तेवढंच.

"अगं बाई!" मागून मरैके धापा टाकत आली. "गाई इथे कशाला आल्या?"

"हे तू लावलंस?"

"हो. काल उघडंच राहिलं होतं. मला वाटलं, कोणीतरी विसरलं."

"नियम काय सांगितला होता मी?"

"ऐकला ना. पण फाटक उघडं दिसलं की माझ्या हाताला चैनच पडत नाही. माझ्या वडिलांच्या दुभत्या गाई होत्या. एकदा भावानं फाटक उघडं ठेवलं तर गाय कालव्यात पडली. तेव्हापासून आमच्या घरात जो शेवटी येईल त्यानं—"

"इथं कालवा दिसतोय का तुला कुठे?"

मरैके गुरांकडे बघत राहिली. मग हौदाकडे. तिचा चेहरा उतरला.

फाटक उघडून गप्प बसता आलं असतं. पण कुंपणाच्या कडेनं गुरांनी रात्रभर येरझारा घालून वाट पाडली होती, आणि मर्व्हला जमीन वाचता यायची. त्यानं शोधून काढण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं. ग्लेनिस बसपाशी गेली आणि रेडिओ उचलला.

"मर्व्ह, ग्लेनिस बोलतेय. तुझं हौदाकडचं फाटक रात्रभर लागलेलं होतं."

रेडिओ खरखरला. "कोणी लावलं?"

"माझ्या बसनं."

"येतोय," तो म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

मरैकेनं तोवर पीळ सोडवला होता. "हळू उघड!" ग्लेनिस चढावरून ओरडली, पण तहानलेल्या गुरांना हळू माहीत नसतं. कळप फाटकातून एकदम घुसला, हौदावर तुटून पडला, वासरं मध्ये चेंगरली, आणि कुठल्याशा गाईच्या मानेचा धक्का लागून हौद भरला की नळ बंद करणारा तरंगता गोळा उडाला. नळ मोकळा झाला. टाकीतलं पाणी हौद भरून वाळूत वाहायला लागलं.

"गेली टाकी!" ग्लेनिसनं कपाळावर हात मारला. "आता वारा सुटेपर्यंत पवनचक्की फिरायची नाही. जा मर ग्लेनिस, बस जाऊन गॅलरीत!"

मरैके गुरांत शिरली. नाकाडांवर थपडा मारत, आपल्या भाषेत कायबाय खेकसत ती हौदापर्यंत पोचली, खांद्यापर्यंत हात बुडवून तिनं नळाचा दांडा वर ओढला आणि कमरेचा पट्टा काढून वरच्या पाइपाला घट्ट बांधला. पाणी थांबलं. मरैके चिखलानं माखलेली, पँट एका हातानं धरून उभी राहिली. चढावर जमलेल्या पोरांपैकी कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

"वाजवा टाळ्या!" ग्लेनिस गरजली. "सर्कसच आहे ही! चला, वळकट्या गुंडाळा!"

मर्व्ह आला तेव्हा गुरं निवांत पाणी पीत होती. त्यानं ती नजरेखालून घातली, वासरं बघितली, कुंपणाकडेची वाट बघितली, शेवटी पट्टा बघितला. मेलेलं एकही नव्हतं.

"मी लावलं फाटक," मरैके पुढे होऊन म्हणाली. "ग्लेनिसनं बजावलं होतं. चूक माझी."

"बाई, तुमच्याकडे पाणी कुठे असतं?"

"सगळीकडे," मरैके म्हणाली.

"आमच्याकडे इथं असतं." त्यानं हौदाकडे बोट दाखवलं. मग ग्लेनिसकडे वळला. "काय म्हटलं होतं मी?"

"कुलूप लावीन म्हणालास."

"मग?"

"मग लाव. विनवण्या करायला मी आले नाही. चहा ठेवलाय, तेवढा पिऊन जातो आम्ही."

मर्व्हनं टोपी काढून डोकं खाजवलं. "तुझ्या चहासाठी कोणी कुलूप थांबवणार नाही, ग्लेन. अजून कातडी कमवायच्या काढ्यासारखाच करतेस." तो पुन्हा पट्टा बघायला लागला. "पण रेडिओवर तू आपणहून बोललीस. दुसऱ्या कोणी उघडून पळ काढला असता. ये तू. पण आजपासून माझ्या जमिनीवर फाटकाला हात लावायचा तो फक्त तू. उघडायला तू, लावायला तू. पाहुणे बसमध्ये."

"मर्व्ह, माझे गुडघे—"

"गुडघे की कुलूप?"

ग्लेनिसनं त्याला जी शिवी दिली ती तळावरची होती. मरैकेला कळली नाही, मर्व्हला कळली, आणि तो हसत गाडीकडे गेला.

बस निघाली. मरैके शेजारच्या सीटवर, पँटीला दोरी बांधून, हात मांडीवर घट्ट धरून बसली होती. मर्व्हच्या जमिनीतून पुढे बाहेर पडायच्या दोन फाटकांपैकी पहिल्याशी बस थांबली. मरैकेचा हात दाराकडे गेला.

"बस खाली!"

एक पाय. शिवी. दुसरा पाय. ग्लेनिसनं फाटक उघडलं, परत चढली, बस पलीकडे नेली, पुन्हा उतरली, फाटक लावलं, पुन्हा चढली.

"मला फार वाईट वाटतंय," मरैके हळूच म्हणाली.

"वाटायलाच हवं," ग्लेनिस गिअर टाकत म्हणाली. "आणि पुढच्या फाटकाशी पण वाटू दे. ते गंजलेलं आहे."