चिंचेच्या गाळातला टाक

घरात कुणी गेलं, हे भंगारवाल्याला विचारावं लागत नाही. कुबडी, पिकदाणी, लोखंडी खाट दारात येऊन पडली की त्रिंबक मुकाट्यानं काटा धरी आणि माल गाडीत टाकून निघे. औरंगाबादला पडेगावच्या एका आवारात सव्वीस वर्षं त्यानं हेच केलं. गॅस कटरच्या ठिणगीनं एक डोळा गेला, दाढी छातीवर आली. आतला माणूस मात्र तोच राहिला, बिडकीनजवळच्या वाडीतला धनगर, भित्रा आणि हट्टी.

बहात्तरच्या दुष्काळात तो चाऱ्यासाठी मेंढरं घेऊन गोदाकाठानं गेला. मेंढरं एकेक करून मेली. रिकाम्या हातानं बायकोपुढं कसं उभं राहायचं, या लाजेपायी तो शहरात शिरला तो शिरलाच. बायको कशी आहे, पोरगं जगलं की नाही, कधी साधी चौकशी नाही. असली लाज काय चाटायची आहे? यंदा छातीत मोठी कळ आली तेव्हा घर आठवलं. मरायला आपल्या ओसरीवर जागा मिळावी, एवढंच आता त्याला हवं होतं. सरळ जायची हिंमत होईना, म्हणून हातगाडी ढकलत, भंगार मागत गेला.

पितृपंधरवडा संपत आला होता, परवा घट बसायचे होते. घरोघरी देव चिंचेनं घासायला निघाले होते. वाडीत त्याला कुणी ओळखलं नाही. ओळखणं सोडा, कुणी धड पाहिलंसुद्धा नाही. कुत्रीही भुंकली नाहीत. त्याच्या जुन्या घराच्या जागी आता सिमेंटचं घर होतं. आतून चतुरा नावाची तरणी सून आली, तांब्याचं फुटकं पातेलं आणि थोडा पत्रा देऊन घाईत परत गेली.

लिंबाखाली माल निवडताना पातेल्याच्या बुडाशी, चिंचेच्या काळ्या गाळात, काहीतरी वाजलं. त्यानं बोटानं पुसलं. चांदीचा टाक निघाला: पागोटं घातलेला पुरुष, हातात काठी. घरातलं कर्तं माणूस मेलं की त्याचा असा टाक करून देव्हाऱ्यात बसवतात. पाठीवर सोनारानं ठोकलेली अक्षरं त्यानं जुळवून वाचली. त्रिंबक.

भर दुपारी त्याच्या अंगावर काटा आला. त्यानं मनगट चाचपलं, नाडी सापडेना. कुणी हसेल, पण त्याला खरंच वाटलं की आपण त्या कळेतच गेलो असू, आणि कुत्र्यांना ते कळलं आहे.

तेवढ्यात त्याची बायको म्हाळसाबाई धापा टाकत आली. कपाळ मोकळं, केस पांढरे.

"दादा, त्या पातेल्यात आमचं घरचं माणूस गेलंय. सुनंनं बघितलंच नाय."

बायको त्याला दादा म्हणत होती. त्यानं टाक पुढं केला. तिनं तो पदरानं पुसला, कपाळाला लावला आणि त्याचीच माफी मागितली. मग परक्या माणसाला सांगावं तसं सांगत सुटली. पाच वर्षं वाट पाहिली, कुणीतरी पटकीनं गेल्याची खबर आणली, मग टाक बसवला. तेव्हापासून घर वर आलं, पोरगं कंपनीत लागलं. रोज संध्याकाळी टाकासमोर बसून त्यांच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय ती चूल पेटवत नाही. त्रिंबकला त्या चांदीच्या तुकड्याचा हेवा वाटला.

"म्हाळसा," तो म्हणाला.

असं नुसतं नाव घेणारा जगात एकच होता. तिनं दाढीतून, त्या एका डोळ्यातून त्याला शोधून काढलं. ओळखलं तिनं. पण पाय मागं सरकले आणि टाक धरलेली मूठ छातीशी गेली. त्यानं विनवलं, नुसती ओसरी दे, फार दिवस लागायचे नाहीत.

"तुमी आत आला," ती हळू आवाजात म्हणाली, "तर ह्येंना कुठं ठिवू मी?"

ती घरात गेली, तो मागोमाग दारापर्यंत आला. थोड्या वेळानं पत्रावळीवर भाकरी, भात आणि वड्या घेऊन आली. ते पान तिनं उंबऱ्याबाहेर, दक्षिणेकडं तोंड करून ठेवलं, हात जोडले आणि दार लावून घेतलं.

त्रिंबक सकाळपासून उपाशी होता. पण हे पितरांचं पान जेवलो की आपण मेलो, असं त्याला वाटलं, आणि तो संध्याकाळपर्यंत तसाच पानासमोर बसून राहिला.