धडकी नव्हती ती

जाऊबाई गेल्या.

सकाळी फोन आला तेव्हापासून माझी छाती धडधडतेय. नातीनं बोटाला ते चिमट्यासारखं मशीन लावलं, म्हणाली, "आजी, पल्स जास्त आहे, पडून राहा."

पडून कशी राहू? या कुशीवरून त्या कुशीवर. शेवटी उठून मोबाईल घेतला, हे लिहायला बसले.

निजामाच्या राज्याचं शेवटचं वर्ष. मी साखऱ्याला नवीन नांदायला आलेली. गावोगाव दहशत. लोक बायका-लेकरं निजामाच्या हद्दीवरच्या नाक्यापलीकडं, वाशीमकडं धाडून राहिले होते.

आणि मी पडू लागले.

दळायला बसलं की छातीत धडधड. घागर घेऊन उभी राहिले की डोळ्यांपुढं अंधार, कानात सूं सूं, आणि गेलेच खाली.

सगळ्यांनी एकच नाव ठेवलं.
"भ्याली पोरगी. धडकी भरली हिला."

त्या वर्षी भीती कोणाला नव्हती? म्हणून शंका कोणी घेतलीच नाही. मीठ-मोहऱ्या उतरवल्या. गळ्यात गंडा बांधला. मंगळवार-शुक्रवार उपास धरायला लावले.

उपासाच्या दिवशी मी हमखास पडायची. सासूबाई म्हणायच्या, "बघा, भीती कशी वाढून राहिली."

मग त्यांनी ठरवलं, हिला माहेरी सोडा. माहेर नाक्यापलीकडं. जाता जाता वाशीमच्या डॉक्टरला दाखवा, म्हणजे लोक नावं ठेवणार नाहीत.

बोचक्यात माझं एकूण एक लुगडं बांधलेलं पाहिलं आणि समजले. असल्या पोरीला परत न्यायला कोणी येत नसतं.

गाडीत सोबतीला जाऊबाई. हाकायला त्यांचे मालक, म्हणजे माझे थोरले दीर.

कनेरगावच्या नाक्यावर शिपायानं अडवलं. "क्या हुआ इसकू?"
जाऊबाई म्हणाल्या, "डरती है."
"किससे?"
"सासूसे."
शिपाई हसला, वाट मोकळी केली. मला काही हसू आलं नाही.

थोडं पुढं गेल्यावर जाऊबाई माझ्या कानाशी आल्या. "पोरी, भ्यालेलं माणूस आवाजानं पडतं. परवा गल्लीत एवढा गलका झाला, तू पडली न्हाईस. तू उभी राहिली की पडतीस. खरं सांग, अंगावरून किती जातं तुझ्या?"

मी मान खाली घातली.

चार दिवस बाजूला बसायचं, तेवढी मी बसायची. पाचव्या दिवशी न्हाऊन घरात. जात असलं तरी. जास्त बसलं की कामचुकार म्हणतील.

"डॉक्टरला हेच सांगायचं. लाजलीस तर मी सांगीन."

त्यांनीच सांगितलं.

डॉक्टरांनी खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, गळा चाचपला, छातीला नळी लावली. म्हणाले, "धडधड भीतीनं होते. गळ्यातल्या गाठीनं होते. काळजाची झडप बिघडली तरी होते. हिला तसलं काही दिसत नाही. हिच्या अंगात रक्तच राहिलेलं नाही."

लोहाचं काळं औषध दिलं. उपास बंद. पोटभर जेवण.

परतीला फाटा आला. डावीकडं माझं माहेर, सरळ नाका.
दिरांनी बैल डावीकडं वळवले.

"नाक्याकडं घ्या," जाऊबाई म्हणाल्या.
"मायनं सोडून यायला सांगितलंय."
"मायनं धडकीवालीला सोडायला सांगितलंय. हिला धडकी न्हाई."
"मग तिला काय सांगू?"
"तुमी काहून सांगता? मी सांगते. जेवायला घातलं की बरं होणारं माणूस कोणी टाकून देतं का?"

बैल उभे. माझी छाती अशी उडत होती की दुसरं काही ऐकूच येईना.

मग दिरांनी कासरा ओढला. गाडी नाक्याकडं फिरली.

घरी दोघी सासवा-सुनांचं काय बोलणं झालं ते मला कधीच कळलं नाही. पण त्या दिवसापासून जाऊबाई मला जवळ बसवून जेवायला लागल्या. ताटातली भाकरी संपेपर्यंत उठू द्यायच्या नाहीत. हळूहळू पडणं थांबलं. त्याच घरात मी नांदले, लेकरं झाली.

आता धडकी कोणी म्हणत नाही. आता म्हणतात, "टेन्शन घेतेस तू."
बाबांनो, घरातली कोणी म्हणाली धडधडतंय, चक्कर येते, तर तेवढ्यावर सोडू नका. हिमोग्लोबिन बघा, थायरॉईड बघा, ईसीजी काढा. आणि जेवलीस का, हे विचारा.

नात म्हणते, "आजी, हिंगोलीहून साखऱ्यापर्यंत झेपेल का तुला?"
झेपेल. गाडी दारात उभी आहे.

जाऊबाई, तुम्ही मला घरी आणलं होतं.
आज मी तुम्हाला पोचवायला येते.