इतर खर्चाचा रकाना

तिचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. घरीदारी सगळे तिला ‘विलायत’ म्हणत. कुठल्या देशात शिकणाऱ्या पोराला वर्षाकाठी किती खर्च येतो, हे ती झोपेतून उठवलं तरी सांगे. स्वतः मात्र बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे गेलेली नव्हती. आई गेल्यापासून ती मामाकडे राहत होती. घर ते ऑफिस, ऑफिस ते घर. घाण्याच्या बैलालासुद्धा तिच्यापेक्षा जास्त वळणं मिळत असतील.

परदेशी शिक्षणाचा सल्ला देणारं ते ऑफिस म्हणजे एक खोली आणि मध्ये अर्धं पार्टिशन. पलीकडे साहेब, अलीकडे ती. खिडकीच्या काचेवर ‘भरारी घ्या’ असं रंगवलेलं, ते आतून उलटं दिसे. भिंतभर परदेशी गेलेल्या पोरांचे फोटो, विमानतळावर बॅगेला टेकून दात दाखवणारे. ते चिकटवायचं कामही तिचंच.

मुख्य काम तक्त्याचं. एकेका देशासमोर भाडं, जेवण, प्रवास, पुस्तकं आणि सगळ्यांत शेवटी ‘इतर’. त्या रकान्याबद्दल साहेबांचा एक मंत्र होता, तो ते डोळे मिटून, लोणचं चाखावं तसा म्हणत. “काय आहे ना ताई, बापाची नजर शेवटी तिथेच अडकते. इतर कसा हवा? भाजीतल्या मिठाएवढा!” मग जाड कोट, हीटर, फुटलेला चष्मा, ठणकणारी दाढ, सगळं त्या चिमूटभर मिठात बसवायचं.

आणि अशातच विलायतने गुपचूप स्वतःचा अर्ज पाठवला. फी न घेणारा एक देश होता, ऑफिसात त्याला ‘फुकट्या’ म्हणत. तिथे तिला चक्क प्रवेश मिळाला! महिनाअखेर होकार कळवायचा होता. राहण्याखाण्यासाठी कर्ज हवं होतं, आणि त्यासाठी मामांनी घराचे कागद बँकेत ठेवायला हवे होते. “मामा, एक विचारायचं होतं,” एवढं वाक्य ती भांडी घासताना कढईला म्हणून बघे. कढई काही बोलत नसे. पुढचं वाक्य काही येत नसे.

ते येण्याआधी मामाच ऑफिसात आले, धाकटीला घेऊन. धाकटी म्हणजे मामांची एकुलती एक मुलगी.

“म्हणजे बघ हं,” मामा म्हणाले. ‘म्हणजे बघ हं’ हा पाट मांडल्याशिवाय त्यांचं कुठलंच वाक्य जेवायला बसत नसे. “घर एक, कागद एक. ते ठेवतो बँकेत. आता तू घरचीच, तू काही आम्हाला फसवायची नाहीस. धाकटीला कुठे पाठवू?”

विलायतने पेनचं टोपण काढलं, परत लावलं. मग तिला वाट दिसली. खोटं बोलायचंच नाही, फक्त खरं तेवढं लिहायचं.

तिने तक्ता ओढला. एका घराच्या कर्जात बसणारा देश एकच, फुकट्या; त्याच्यासमोरचं ‘इतर’ तिने भरायला घेतलं. कोट. हीटर. चष्मा. दाढ. कुणाचं काही बरंवाईट झालं तर तातडीने परत यायचं तिकीट. बघता बघता फुकट्याचा ‘इतर’ भाड्याच्याही वर गेला. पार्टिशनवरून साहेबांची मान उगवली.

“अहो ताई, मिठाची बरणीच उपडी केलीत की!”

मामांनी कपाळ पुसलं. धाकटीचा चेहरा पडला. विलायतच्या छातीत कुठेतरी एक दार किलकिलं झालं.

“राहू दे मग, मामा,” ती हळूच म्हणाली. “पुढच्या वर्षी बघू.”

मामा तक्त्यावर बोट फिरवत राहिले. बोट थांबलं.

“म्हणजे बघ हं! भाडं, जेवण, पुस्तकं, प्रवास, सगळं माझ्या कर्जात बसतंय. हत्ती गेला, शेपूट राहिलं. ते तुझ्या पगारातून निघेल की! तुला कुठे काय खर्च असतो?”

“वा! याला म्हणतात घरचं माणूस,” पार्टिशन म्हणालं.

“मामा,” विलायत म्हणाली, “एक विचारायचं होतं.”

“अगं, विचार ना!”

तेवढ्यात धाकटीने तिच्या गळ्यात हात टाकले. “ताई, तू नसतीस ना, तर माझं काही खरं नव्हतं!” हात चांगलेच घट्ट होते.

“फोटो... फोटो कुठे लावू हिचा?” विलायतने विचारलं.

“मधोमध!” मामा म्हणाले.

महिनाअखेर आली तशी गेली. फोटो मधोमध लागला.

थंडी पडल्यावर एका दुपारी फोन आला. “ताई, दाढ ठणकतेय गं. तू लिहिलं होतंस ना दाढेचं?”

“लिहिलं होतं.”

“मग पाठवशील? आणि हीटरचंही?”

“पाठवते.”

समोर एक नवा बाप मुलाला घेऊन बसला होता आणि चष्मा पुसून तक्त्याकडे बघत होता. विलायतने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला, पेन उचललं आणि शेवटच्या रकान्यात भाजीतल्या मिठाएवढा आकडा लिहिला.