माशीला लागलेली गोचीड

बैलाला गोचीड लागती, म्हशीला लागती, कुत्र्याला तर लागतीच. मधमाशीला बी लागती, हे मला पंचावन्न वर्षांचा झाल्यावर कळलं. विद्यापीठाचं नामांतर झालं, त्याच्या दोन वर्षं आधीचा तो हिवाळा.

त्या हिवाळ्याच्या आदल्या साली परभणीला शेतीच्या प्रदर्शनात मी काचेच्या पेटीत माशा बघितल्या आन् माझा पायच निघंना. बाकीचे लोक बियाणं बघत फिरले, मी दिवसभर तिथंच. दोन पेट्या गोणपाटात गुंडाळून गंगाखेडच्या यष्टीवर चढवल्या. कंडक्टरनं विचारलं, काय हाय त्यात? मी म्हणलं, पाहुणे हायत. आमच्या घरचीनं पेट्या बघून एवढंच म्हणलं, "बाकीचे म्हातारपणी माशा मारत बसतेत, तुमी पाळा."

मी पाळल्या. विहिरीजवळ बाभळीखाली ठेवल्या. पहिल्या साली करडईचा मध निघाला तो मी गावभर वाटला, मुद्दाम वाटला. ज्यांनी टिंगल केली त्यांच्या घरी आधी दिला.

दुसऱ्या साली दिवाळी झाली आन् पेटीपुढं माशा सरपटायला लागल्या. पंख चुरगाळलेले, उडता येईना. चौकट उचलून बघितली तर पांढऱ्या पिल्लांवर तिळाएवढं तांबूस काहीतरी चालत होतं. मी ओळखलं. गोचीड. अन् गोचिडीचं औषध मला कुणी सांगायची गरज नव्हती. तीस वर्षं बैलाच्या मानेला बीएचसीची पावडर चोळलेला माणूस मी. चिमूटभर घेतली, एका पेटीत चौकटींवर भुरभुरली, अन् हात धुऊन भाकरी खायला बसलो.

दुपारपर्यंत ती पेटी खलास झाली. दारात माशांचा ढीग, मूठ भरून उचलावा असा. गोचीड बी मेली असंल, पण ती बघायला माशी उरली न्हाई. आमच्या घरचीला मी सांगितलं, मुंग्या लागल्या.

आता एकच पेटी राहिली, अन् तिच्यात बी तेच तांबूस तीळ. करडईला बोंडं धरायला लागली होती. फुलायला महिना-दीड महिना. तोवर ही पेटी टिकली तर मी माशा पाळणारा माणूस, न्हाईतर एका सालाचा तमाशा केलेला येडा. माझं कशातच मन लागंना. ज्वारीच्या रानात गेलो की पेटीकडं यायचो, पेटीजवळ आलो की उघडायचो, बघायचो, झाकायचो, पुन्हा उघडायचो.

ह्यातलं कळणारा एकच माणूस आमच्या गावात होता. तो परभणीला शेतीच्या कॉलेजात, किड्यांच्या खात्यात मजूर म्हणून लागलेला, अन् शनिवारी गावाकडं यायचा. माझ्याच वर्गातला. मी चौथीत शाळा सोडली, तो पुढं शिकला. शाळेत मी ओसरीवर बसायचो, तो ओसरीखाली. तरी सुटीत, कुणी बघत नसलं की, विहिरीवर आमी बरोबर पोहायचो, अरेतुरेनं बोलायचो. पुढं नामांतराचं पेटलं. आमच्या गावात जाळपोळ झाली न्हाई, पण चावडीवर बैठक झाली अन् बुद्धवाड्यातल्या लोकांना कामावर घ्यायचं न्हाई असं ठरलं. हात वर करा म्हणले. मी बी केला. तो चावडीसमोरच्या लिंबाखाली उभा होता, त्यानं बघितलं. तवापासून तेरा वर्षं आमचं बोलणं बंद.

त्याच्या दारात जायचं म्हणजे मला मरण होतं. दोन शनिवार मी जाऊ की नको करत घालवले. तिसऱ्या शनिवारी पेटीपुढं सरपटणाऱ्या माशा मोजता येईनात, तवा उठलो अन् गेलो. तो सायकल पुसत होता. बस म्हणला न्हाई. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यानं फडकं टाकलं, घरातून पटाशी आणली, म्हणजे चौकटी सोडवायची ती लोखंडी पट्टी, अन् माझ्या पुढं चालायला लागला.

आधी त्यानं रिकामी पेटी उघडली. हिला काय झालं म्हणला. मी म्हणलं मुंग्या. त्यानं पेटीत नाक घातलं, बराच वेळ वास घेतला.

"तुमच्या मुंग्यांना बीएचसीचा लय वास येतो," म्हणला.

मुंग्यांचं मला लागलं न्हाई. तुमच्या म्हणला ते लागलं.

मग त्यानं इलाज सांगितला. ही गोचीड पिल्लांवर जगती, पिल्लू मिळालं न्हाई की उपाशी मरती. म्हणून मेणाचं झाकण घातलेली सगळी पिल्लं कापून काढायची, अन् राणीला एकवीस दिवस कोंडायचं, म्हणजे नवी अंडी पडणार न्हाईत. वर गंधकाची भुकटी, ती बी पातळ फडक्यातून, नखभर. मी भांडलो. माशा आधीच कमी, त्यात पिल्लं कापायची, राणी कोंडायची, हा इलाज हाय का काय? तो म्हणला, तुमचा इलाज बघितला की आता.

पिल्लं मीच कापली. जाळीचा काडेपेटीएवढा पिंजरा त्यानं तिथंच वळला, राणी आत घातली, अन् दोन चौकटींच्या मधी अडकवला. एकवीस दिवस मोजले तर नेमकी येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या, येत होती.

साखरेचं पाणी ठेवा अन् पेटी उघडू नका, एवढं सांगून तो गेला. मी दुसऱ्या दिवशी उघडली. तिसऱ्या दिवशी उघडली. पुढच्या शनिवारी त्यानं झाकण बघितलं अन् त्याच्या ध्यानात आलं. माझी पटाशी विहिरीच्या थारोळ्याच्या दगडावर पडली होती. त्यानं ती उचलून पिशवीत घातली. मी म्हणलं, पटाशी माझी हाय. तो म्हणला, माशा बी तुमच्याच हायत.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते मलाच माहीत. पेटीला कान लावायचो. आवाज बारीक झाला वाटायचं, मग मोठा झाला वाटायचं. येळवशीच्या आदल्या दिवशी दम निघंना, खुरप्यानंच झाकण उचकटलं. पिंजऱ्यात राणी हलंना. तसंच झाकण टाकलं अन् कुणाला काही बोललो न्हाई.

येळवशीला आमच्याकडं सगळं गाव रानात जेवतं. कडब्याची कोप केली होती, आत पाच पांडव, म्हणजे पूजेचे पाच दगड, मांडले होते. व्याही आले, पाहुणे आले. भज्जी अन् आंबिलीचा वास सुटला होता, अन् मी बांधावर त्याची वाट बघत उभा. चावडीच्या बैठकीआधी तो दर येळवशीला यायचा, पण बांधापलीकडं बसून जेवायचा. मीच तिथं नेऊन वाढायचो.

तो आला. मी म्हणलं आधी जेव. तो म्हणला, आधी राणी.

पिंजरा काढून त्यानं तळहातावर धरला. राणी पडलेली. त्यानं पिंजऱ्यावर हळूच तोंडाची वाफ सोडली, एकदा, दोनदा, अन् तिचा मागचा पाय हलला. मग ती उठली. थंडीनं आखडली, म्हणला, कुणीतरी झाकणाला फट ठेवलीय. माझ्याकडं बघितलं सुद्धा न्हाई. दार उघडून तिला चौकटीवर सोडली. माशांनी तिला घेरलं, चाटायला लागल्या, अन् ती आत निघून गेली.

मी पुन्हा म्हणलं, चल जेवायला.

"पूजेला हात जोडणार न्हाई," तो म्हणला. "अन् बांधापलीकडं बसणार न्हाई."

आमच्या घरचीनं तोवर माझ्या ताटाशेजारी ताट मांडलं होतं. व्याही थोडे सरकून बसले. त्यांनी सरकायचं कारण जागा करणं होतं का दुसरं काही, ते मी विचारलं न्हाई. तो जेवला. आंबील दोनदा घेतली. जाताना पटाशी पुन्हा पिशवीत घालून घेऊन गेला.

आठ दिवसांनी आला अन् पेटी उघडली. उन्हाकडं धरलेल्या चौकटीत घराघरात रव्याच्या कणासारखं एकेक अंडं उभं होतं. मी तोंड फिरवून विहिरीकडं बघत राहिलो. मग त्यानं बोटानं दाखवलं. एका माशीच्या पाठीवर एक तांबूस तीळ.

ही समूळ जात न्हाई, म्हणला. दर साली बघावं लागंल, दर साली दाबावी लागंल.

करडईला पहिली पिवळी फुलं दिसायलेली. त्यानं झाकण लावलं, पटाशी माझ्यापुढं धरली अन् म्हणला, ठेवा आता तुमच्याजवळ.

"राहू दे तुझ्याकडं," मी म्हणलं. "मला दम निघत न्हाई."

त्यानं पटाशी पिशवीत टाकली. मग म्हणला, "तुला शाळेत बी निघत नव्हता."