कुंकू लावलेला राउटर

माझा हात आधी उठतो, डोकं मागनं चालतं. तारिहाळच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटरचं नेटवर्क सांभाळायचो, तेव्हाची ही गोष्ट.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी यंत्रं चालू केली, तर निम्मी मुकीच. मालक सगळ्यांदेखत ओरडले, "तासाभरात लाइन सुरू नाही झाली तर एकाला कायमचं घरी धाडतो!"

यंत्र चालू झालं की नेटवर्कवर हाक मारतं, मला पत्ता द्या. आमचा सर्व्हर तो द्यायचा, मग यंत्रं एकमेकांना सापडायची. त्या दिवशी निम्म्यांकडं भलतेच पत्ते होते. म्हणजे कोणीतरी जोडलेलं दुसरंच यंत्र सर्व्हरच्या आधी उत्तर देत होतं.

वायरींच्या कपाटाची किल्ली अण्णांकडं असायची. अण्णा आमचे इलेक्ट्रिशियन, साठीला आलेले; मला तम्मा म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ. आठवड्यापूर्वीच वायरींवरून आमचं वाजलं होतं. एरवी अहो-जाहो करणारा मी, सरळ त्यांची कॉलर धरली.

"कपाटात हात घातलास ना?"

"देवाशपथ नाही रे तम्मा."

मी थोबाडीत हाणली. एक नाही, दोन. ते कपाटाच्या कडेवर आपटले, ओठ फुटला, शर्ट रक्तानं भरला. तिसरी मारणार तोच दोघांनी मला मागं ओढलं. मालकांनी विचारलं, "यानंच केलं?"

"यानंच," मी म्हणालो.

"चल, नीघ," मालक अण्णांना म्हणाले.

मग मी एकेक वायर धरून शोधत गेलो. पूजेच्या टेबलाखाली, सुकलेल्या झेंडूत, जुना राउटर लुकलुकत होता. अरे देवा! खंडेनवमीला बाकी सगळं बंद असलं तरी पूजेत मांडलेलं एक यंत्र चालू ठेवायचं, ही आमची रीत. अडगळीतून तो मीच काढला होता, मीच कुंकू लावलं, मीच नेटवर्कची वायर खोचली आणि साफ विसरलो. तोही पत्ते वाटणाराच. आपल्याला कामावरून काढलंय हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

वायर उपटली, राउटर फरशीवर आपटला, बुटाखाली चेचून चेचून चुरा केला. बघणाऱ्यांना वाटलं, राग आलाय. मी पुरावा फोडत होतो. यंत्रं पुन्हा चालू केली, लाइन धडधडली, मालकांनी पाठ थोपटली. थू माझ्यावर, मी ती थोपटून घेतली.

बाहेर आलो तर गेटपाशी अण्णा अजून उभे, खांद्याला पिशवी, ओठाला रुमाल.

"सापडलं काय रे तम्मा?"

"सापडलं."

"बरं झालं. तुझी नोकरी जाते की काय, या काळजीनं थांबलो होतो बघ."

मी मान हलवली आणि आत गेलो.