अक्षरांचा टीव्ही

आईला मी नांदेडहून लातूरला घेऊन आले, तो शनिवार माझ्या चांगला लक्षात आहे. त्या दिवशी मी तिच्या दाराबाहेर पाऊण तास उभी होते. दार वाजवलं, कडी आपटली, फोन लावून पाहिला. आत टीव्ही इतक्या मोठ्यानं चालू होता की मालिकेतलं सासू-सुनेचं भांडण मला गल्लीच्या तोंडाशीच ऐकू आलं होतं. शेवटी शेजारच्या खाला त्यांच्या गच्चीवरून आमच्या गच्चीत आल्या, जिन्यानं खाली उतरल्या आणि त्यांनी आतून दार उघडलं.

"ये रोज का है, बेटी," त्या म्हणाल्या. "मैं तो अब दरवाजा बजातीच नै."

आई टीव्हीसमोर बसून भेंडी चिरत होती. मला बघून तिचा चेहरा फुलला. "कवा आलीस? दार उघडंच होतं काय?"

वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. मी एकुलती एक. आई एकटी राहत होती आणि तिला एकटं राहणं जमतही होतं, पण तिचे कान दर वर्षाला थोडे थोडे जात होते. डॉक्टरकडे जाऊ, असं मी कितीदा तरी म्हटलं असेल. तिचं उत्तर ठरलेलं असे, "मला ऐकू येतंय की सगळं. तुमीच तोंडातल्या तोंडात बोलताव." लेकीच्या घरी राहायला यायचंही तिच्या मनात नव्हतं. मी पंधराच दिवसांसाठी चल म्हटलं, तेव्हा तिनं चार लुगडी पिशवीत भरली.

लातूरला आम्ही औसा रोडच्या आतल्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर राहतो. मी औशाच्या पुढच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे, नवरा एसटीच्या वर्कशॉपमध्ये. दिवसभर घरात आई आणि टीव्ही. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. लेकीची बारावी आहे, आवाज थोडा कमी केला तर बरं होईल, असं फार संकोचानं म्हणाल्या. आम्ही आवाज कमी केला. आई फक्त खुर्ची पुढे पुढे सरकवत गेली आणि शेवटी तिचे गुडघे टीव्हीच्या टेबलाला टेकले.

जेवताना ती माझ्या नवऱ्याला मालिकेची गोष्ट सांगायची. तो तिला मामी म्हणतो आणि तिचं सगळं ऐकून घेतो. एक दिवस तिनं सांगितलं, "थोरल्या सुनेला दिवस गेलेत. म्हणून माहेरी धाडलंय तिला. सासूनं जाताना डोळे पुसले बघा."

मी तो भाग पोळ्या लाटता लाटता ऐकला होता. थोरल्या सुनेवर चोरीचा आळ आला होता आणि तिला घराबाहेर काढलं होतं. सासूचे डोळे रागानं भरून आले होते. आईला त्यातलं एक वाक्यही कळलेलं नव्हतं. तोंडं बघून, कोण उठलं, कोण बसलं ते बघून तिनं आपली गोष्ट रचली होती.

ती हात धुवायला गेल्यावर नवरा म्हणाला, "मामींची गोष्ट मूळ मालिकेपेक्षा बरी आहे." मी हसले. पण भांडी लावताना ते हसणं मला टोचत राहिलं. किती महिने ही बाई असं तोंडं बघत बसली असेल?

त्याच आठवड्यात आमचा केबलचा डबा बंद पडला. तो तसाही जुना झाला होता. नवरा म्हणाला, "आता एकदाचं काय ते ठरवू. रस्ता खोदला की केबल तुटते. डिशची छत्री लावून टाकू गच्चीवर. कुणाच्या वायरीची भानगड नको." त्यानं गच्चीवर जाऊन छत्री कुठे बसेल त्याची जागासुद्धा बघून ठेवली.

माझ्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. मागं एकदा नांदेडला जाताना अहमदपूरपर्यंत एक बाई बसमध्ये माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर लेकरू झोपलेलं, म्हणून तिनं मोबाईलचा आवाज पूर्ण बंद केला होता आणि तरी ती रंगून काहीतरी बघत होती. मी डोकावले. चित्राच्या खाली माणसांची वाक्यं अक्षरांत येत होती आणि ती वाचत होती. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. आता वाटलं, आई चौथी शिकलेली आहे. तिला वाचता येतं.

मी नवऱ्याला म्हटलं, "केबल असो, छत्री असो, नाहीतर नेट असो. ज्याच्यात खाली अक्षरं येतील ते घ्यायचं."

केबलवाला आमच्याच भागातला, बरीच वर्षं त्याचीच लाईन. तो नवा डबा दाखवायला आला तेव्हा मी त्याला विचारलं. तो खोटं बोलला नाही. "ताई, चॅनलवाले जे पाठवतील तेच माझ्या वायरीतून येतं. मराठी चॅनलवर अक्षरं मी तरी बघितली नाहीत." छत्रीसाठी मी शाळेतल्या एका मॅडमच्या घरी गेले. त्यांच्याकडे रिमोटवर त्यासाठी एक बटण होतं. आम्ही दोघींनी एकेक चॅनल लावून ते दाबून पाहिलं. इंग्रजी सिनेमावर इंग्रजी अक्षरं आली. मराठीवर काहीच नाही. मॅडम म्हणाल्या, "हे बटण कशासाठी आहे, ते मला आजच कळलं."

राहिलं नेट. नवऱ्याची कुरकुर होती की वीज गेली की नेट जाणार, आणि मामींना ते चालवता येणार नाही. त्याचं चुकत नव्हतं. पण मी माझ्या मोबाईलवर एक हिंदी मालिका लावली, खाली हिंदी अक्षरं सुरू केली आणि आईच्या हातात फोन दिला. आईनं चष्मा वर-खाली केला. ओठ हलायला लागले. एक वाक्य अर्धं वाचून होईपर्यंत दुसरं यायचं. तरी तिनं फोन परत दिला नाही.

मग मी परत केबलवाल्यालाच बोलावलं. तो म्हणाला, "ताई, हे आधी सांगायचं ना. आता आमच्याच लाईनवरून नेट पण द्यायलोय." दुसऱ्या दिवशी त्यानं बारीक तार ओढली, टीव्हीला एक छोटी डबी लावली आणि खुर्ची ओढून तो आईजवळ बसला. रिमोटवर कुठं दाबलं की चित्र थांबतं, कुठं दाबलं की पुढं जातं, हे त्यानं तिला दहादा दाखवलं. आईनं माझ्या टिकल्यांच्या पाकिटातली एक टिकली काढून थांबायच्या बटणावर चिकटवली. "हां, आता सापडंल," ती म्हणाली.

पण लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. तिची ती मराठी मालिका नेटवरही होती, पण तिच्याखाली अक्षरं येत नव्हती. मराठीत अक्षरं असलेलं फारच थोडं सापडलं. एकदोन सिनेमे, बाकी सगळं हिंदी. आई रुसली. "मला ती हिंदी माणसं काय करायचीत? माझी थोरली सून कुठाय?" मी तिची मालिका लावून दिली की ती पुन्हा टेबलाला गुडघे टेकवून तोंडं बघत बसायची. दोन दिवस असं चाललं. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले, तर ती हिंदी मालिका लावून बसली होती. डोंगराळ भागातल्या एका पोस्टमास्तरची गोष्ट होती. तिनं एक वाक्य थांबवून ठेवलं होतं आणि बोटानं हवेत अक्षरं लावत होती.

"तबादला म्हणजे बदलीच ना?" तिनं विचारलं.

"हाव," मी मोठ्यानं म्हटलं.

"मग बरोबर. बायको कशाला रडायली ते कळंना मला."

नांदेडला जन्म घालवलेल्या बाईला हिंदी काही परकी नव्हती. खालांशी ती तीस वर्षं त्याच बोलीत बोलत आली होती, फक्त ती तिनं कधी वाचली नव्हती. पाऊण तासाचा भाग बघायला तिला सुरुवातीला अख्खी दुपार लागायची. महिन्याभरात ती टिकलीचं बटण कमी दाबायला लागली. पंधरा दिवसांचा विषय तिनं काढला नाही, आम्हीही काढला नाही. सकाळचं वर्तमानपत्र ती उघडायला लागली, आधी मथळे, मग आतल्या बातम्या. आवाज तर आम्ही इतका कमी ठेवायचो की खालच्या बाईंनी एकदा जिन्यात विचारलं, "आजी गावी गेल्या का?"

एका दुपारी मी घरी आले, तर पडद्यावर चित्र थांबलेलं होतं. पोस्टमास्तर घराच्या पायरीवर एकटाच बसलेला. कुणी बोलत नव्हतं. तरी खाली कंसात अक्षरं होती, चिडियों की आवाज.

आईनं मला हातानं बोलावलं. "इथं कुणीच बोलंना झालंय. मग हे काय लिहिलंय?"

मी तिच्या कानाजवळ गेले. "पाखरं ओरडायलेत तिथं. आवाज येतोय म्हणून लिहिलंय."

"खरंच येतोय?"

मी चित्र थोडं मागं नेलं आणि पुन्हा लावलं. चिमण्यांचा असावा, बारीक चिवचिवाट होता. मी मान हलवली. आईनं डोकं टीव्हीकडे झुकवलं, डोळे मिटले, बराच वेळ तशीच बसली.

"मला न्हाई आलं ऐकू," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. त्यात तक्रार नव्हती. एखादी वस्तू घरात नाही हे कळल्यावर माणूस जसं सांगतं, तसं तिनं सांगितलं.

मग तिनं विचारलं, "आपल्या गॅलरीत येत्यात का गं पाखरं?"

"रोज सकाळी येतात."

"आन् ओरडत्यात?"

"लई ओरडतात."

ती गॅलरीच्या दाराकडे बघत राहिली. मी चहा टाकायला उठले. पाठीमागून ती म्हणाली, "त्या कानाच्या डॉक्टरकडं कवा जायचं?"

मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकली. तिला विचार बदलायला वेळ द्यायचा नव्हता. दवाखान्यात एका बारक्या बंद खोलीत तिला बसवलं, कानाला मोठे हेडफोन लावले आणि आवाज आला की हातातलं बटण दाब म्हणून सांगितलं. काचेतून मला ती दिसत होती. पाठ ताठ, बटणावर अंगठा, परीक्षेला बसल्यासारखी. बराच वेळ तिचा अंगठा हलला नाही. मग हलला. मग पुन्हा बराच वेळ नाही. तपासणाऱ्या बाईंनी मला कागदावरची उतरत गेलेली रेघ दाखवली. बारीक, उंच आवाज जवळपास गेलेच होते, पण कानाच्या मशीननं फरक पडेल, असं त्या म्हणाल्या.

मशीन आलं त्या दिवशी आईनं घरी येऊन ते अर्ध्या तासात काढून डबीत ठेवलं. पंख्याचा घरघराट, कुकर, ताटं, माझ्या बांगड्या, सगळं एकदम डोक्यात शिरलं म्हणाली. "एवढ्या गोंधळात राहताव तुमी?" डॉक्टरांनी रोज एक तासापासून सुरुवात करा असं सांगितलं होतं. नवऱ्यानं तिच्याशी सौदा केला. संध्याकाळी तो वर्कशॉपमधून आला की दोघांनी मिळून पोस्टमास्तरचा एक भाग बघायचा, मशीन लावून, अक्षरंही चालू ठेवून. कानांना जे सापडायचं नाही ते डोळ्यांनी धरायचं. पहिल्या दिवशी पोस्टमास्तर बोलायला लागल्यावर आई मागं सरकली.

"ह्याचा आवाज असला व्हय? मला वाटलं दणकट असंल."

"मामी, इतके दिवस तुम्ही त्याला कसला आवाज दिला होता?"

"मह्या भावासारखा," ती म्हणाली, आणि दोघं इतके हसले की तो भाग मागं नेऊन पुन्हा लावावा लागला.

तासाचे दोन तास झाले, दोनाचे चार. अजूनही ती दुपारी झोपताना मशीन काढते, आणि लग्नाकार्यातल्या गर्दीत तिला काहीच उमगत नाही. चार माणसं एकदम बोलली की ती गप्प बसते. पण एकाशी एक बसलं की आता आम्हाला ओरडावं लागत नाही. आपण आजवर एकमेकींशी किती मोठ्यानं बोलत होतो, हे मला त्यामुळेच कळलं. ओरडून सांगता येतं ते जेवण, औषध, बसची वेळ. वडिलांच्या शेवटच्या दिवसांबद्दल आम्ही पहिल्यांदा नीट बोललो ते यंदाच, गॅलरीत तांदूळ निवडताना, हळू आवाजात.

दिवाळीनंतर तिनं नांदेडला जायचं काढलं. मी नको म्हटलं नाही. घर तिचं, गल्ली तिची. नवरा म्हणाला, तिकडे पण नेट घेऊन देतो. आईनं थोडा विचार केला.

"न्हाई. तिकडं केबलच बरी. महिन्याला पैसे न्यायला माणूस येऊन बसतो, चहा घेतो, गल्लीचं सांगतो. आन् माही मालिका तिथं टायमावर लागती. आता ऐकू येतंय की."

आता ती काही महिने तिकडे असते, काही महिने इकडे. तिकडे केबल, इकडे नेट. परवा सकाळी शाळेला निघायच्या घाईत असताना तिचा फोन आला. ख्यालीखुशाली विचारण्याच्या आधीच ती म्हणाली, "पोस्टमास्तरचे नवे भाग येणार म्हणून पेपरात वाचलं. आले का गं?"

मी म्हटलं, अजून नाहीत, पुढच्या महिन्यात येतील.

"मग जावयाला सांग, एकटं बघू नका. मी येतेय."