आनंदाबाई पंगतीत बसतात

समुद्रपूरजवळच्या एका खेड्यात आनंदाबाईंच्या पुढच्या खोलीत दर रविवारी उपासना भरते. त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून भरते. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, चर्च नाही, म्हणून मंडळी इथंच सतरंजीवर बसते आणि उपासना आटोपली की इथंच जेवते.

आता गंमत बघा. पहिलं गीत आनंदाबाई अगदी तारस्वरात म्हणत. प्रार्थनेला डोळे मिटत. उपदेश जरा रंगात आला की आत कुकर शिट्टी मारी आणि बाई उठत. मग पोळ्या, मग वाढणं. आधी पुरुषांची पंगत, मग लेकरं, मग बायका, आणि सगळ्यांच्या शेवटी ओट्याजवळ उभ्याउभ्या आनंदाबाई. इतके उपदेश झाले त्यांच्या घरात, पण एकाचाही शेवट त्यांनी ऐकलेला नव्हता!

त्यांचे यजमान बापूराव एसटीचे निवृत्त ड्रायव्हर आणि मंडळीतले वडीलधारे. घरही ते गाडीसारखंच चालवत. आपण पुढं, बाकीच्यांनी मागं दांडा धरून उभं राहायचं. भाजीत मीठ कमी पडलं तरी ते ऐकवत, "शास्त्रात काय सांगतलं? बायकोनं नवऱ्याच्या आज्ञेत राहावं." आनंदाबाई मान डोलवत. शास्त्रच ते, त्यात आपण काय बोलणार?

यंदा वर्ध्याहून उपदेश करायला स्वप्निल नावाचे नवे पाळक येऊ लागले. पोरसवदा, हसरे. एका रविवारी गीतं संपता संपताच ते म्हणाले, "ख्रिस्ती लोकांच्या अगदी पहिल्या मंडळ्या अशाच घरात भरायच्या. कित्येकदा ते घर एखाद्या बाईचं असायचं. मालक आणि गुलाम एकाच भाकरीतला तुकडा खायचे. कोणी आधी जेवून घेतलं आणि दुसरा उपाशी राहिला, तर चांगली खरडपट्टी निघायची. पुढच्या रविवारी आपण सगळे एकाच पंगतीत बसू या का?"

आनंदाबाईंचे पाय आठवडाभर जमिनीवर ठरेनात. एकदा, आयुष्यात एकदा तरी, उपदेश आमेनपर्यंत ऐकायचा आणि सगळ्यांसोबत गरम गरम जेवायचं! सून अपेक्षा सावंगीच्या दवाखान्यात नर्स. तिला त्यांनी बजावून ठेवलं, "मी उठाले लागली, त मले धरून ठेवजो."

रविवार उजाडला. पाळकांनी नेमका बापूरावांच्या आवडीचा विषय काढला, घरात कोणी कसं वागावं. बायकांचा भाग आला तसे बापूराव ताठ बसले. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. आनंदाबाईंचे गुडघे आपोआप हलले. अपेक्षानं पदर धरला. दुसरी शिट्टी झाली. बापूरावांनी डोळे वटारले, पण बाई बसूनच. शेवटी पाळकच उठले, गॅस बंद केला आणि आतूनच मोठ्यानं म्हणाले, "आता नवऱ्यांचा भाग!"

तो भाग संपता संपेना. नवऱ्यानं बायकोवरून जीव ओवाळून टाकावा, स्वतःच्या देहासारखं तिला जपावं, पोसावं. आणि या सगळ्याच्या आधीच म्हणे सांगितलंय, दोघांनी एकमेकांचं ऐकावं.

"अगं बाई," आनंदाबाई सुनेच्या कानात म्हणाल्या, "हे तं यायनं मले कधी सांगतलंच नाई!" आणि त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. भर उपासनेत पदराचा बोळा तोंडात धरायची वेळ आली.

आमेन झालं. सगळे एका ओळीत बसले. पाळक, बाया, लेकरं, बापूराव, आणि मधोमध आनंदाबाई. ताटं मांडली. मंडळी वाट पाहत राहिली. आणि मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं, की सगळेच बसले, वाढणार कोण?

सवयीनं सगळ्या माना आनंदाबाईंकडे वळल्या. त्यांचा एक हात जमिनीवर टेकलाही. आता उठलो तर जन्मभर उठतच राहू, हे त्यांना कळत होतं. त्या बसून राहिल्या.

बापूराव खाकरले. "मीच पाहतो," म्हणत उठले आणि आत गेले. भांडी धडाधड वाजली.

"वाढायचा चमचा कोठी हाय वो?"

"तुमच्या डोळ्यापुढं!"

तरी सापडला नाही. शेवटी चहाचा कप घेऊन आले आणि कपानंच भात वाढू लागले. सगळी पंगत खिदळत होती. कप आधी पाळकांच्या ताटाकडे वळला, घुटमळला, आणि बायकोच्या ताटाशी येऊन थांबला.

"किती वाढू?"

आनंदाबाईंनी आपल्या ताटाकडे पाहिलं. जितका उरेल तितका भात, एवढंच त्यांचं माप होतं.

"मले नाई मालूम," त्या म्हणाल्या. "कोनी इचारलंच नाई कधी."

बापूरावांचा कप हवेतच राहिला. चेहरा पार उतरला त्यांचा. ते पाहून आनंदाबाईंना पुन्हा हसू आलं, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

"तुम्ही वाढत राहा," त्या म्हणाल्या. "पुरे झालं का सांगीन मी."

बापूराव एक एक कप वाढत राहिले. भात ताटाच्या काठाला लागला, तरी आनंदाबाई काही पुरे म्हणेनात.